पाण्यातले तीन ठोकळे

आमच्या भावाच्या बैठकीत भिंतीवर तीन फ्रेमा होत्या. एक बाबांची, चंदनाच्या हारासकट. दुसरी लक्ष्मीची. तिसऱ्या फ्रेमीत माझ्या सहीचा एक कागद. नवा पाहुणा आला की भाऊ त्याला आधी बाबांसमोर उभं करायचा, मग लक्ष्मीसमोर, आणि चहा येईपर्यंत त्या तिसऱ्या फ्रेमीसमोर.

"आमची बाई सिमेंटची डाक्टर हाय नागपूरले," तो सांगायचा. बाई म्हणजे मी, त्याची बहीण. "हा स्लॅब पास हाय म्हणून तिनं लिहून देल्लं हाय."

तो कागद त्या स्लॅबचा नव्हता. हे मला पंधरा वर्षं ठाऊक होतं आणि पंधरा वर्षं मी ते सांगितलं नाही.

मी नागपूरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात काँक्रीट शिकवलं, आणि शिकवता शिकवता त्यावर संशोधन केलं. आता निवृत्त होऊन तिथेच मनीषनगरला राहते. काँक्रीट किती वर्षं टिकतं, कशानं खराब होतं, आतली सळई कधी गंजायला लागते, या तीन प्रश्नांत माझे केस पांढरे झाले. लोकांना वाटतं, एकदा ओतलं की ते दगड झालं. असं कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. स्वभाव तसाही तिखटच. मुलं माझ्यामागे मला काय म्हणायची ते मला माहीत आहे, आणि त्यांचं फारसं चुकत होतं असंही नाही.

काँक्रीट तपासायची आमची रीत साधी आहे. स्लॅब ओतताना त्याच मालातला थोडा माल लोखंडी साच्यांत भरायचा आणि वीतभरापेक्षा थोडे लहान ठोकळे पाडायचे. दुसऱ्या दिवशी साचे सोडून ठोकळे पाण्यात बुडवायचे. अठ्ठावीस दिवसांनी बाहेर काढून यंत्राखाली फोडायचे. किती भाराला फुटला तो आकडा कागदावर लिहायचा, की झाली तपासणी. कॉलेजात सगळे त्याला क्यूब म्हणत. भाऊ ठोकळा म्हणायचा, आणि त्याच्यामुळे माझ्याही तोंडात तोच शब्द बसला.

या रितीत एक गोम आहे. ठोकळा सावलीत वाढतो, गळ्यापर्यंत पाण्यात बसून. स्लॅब बिचारा उन्हात पडलेला असतो, आणि त्याच्यावर कुणी पाणी मारलं तर मारलं. काँक्रीटला पहिले काही दिवस पाणी मिळालं नाही तर ते वरवर घट्ट दिसतं, पण आतून पोकळ राहतं. म्हणजे ठोकळा अव्वल निघतो आणि स्लॅब नापास असतो, असं सर्रास होतं. माझं सगळं संशोधन या एका गोष्टीवर होतं. मी ठिकठिकाणी जाऊन भाषणं द्यायची की बाबांनो, ठोकळ्यावर जाऊ नका, स्लॅब पाहा. लोक टाळ्या वाजवायचे.

भावाचं गाव नरखेड तालुक्यात. त्याचा संत्र्याचा बगीचा आहे, थोडा कापूस. घर आधी कवेलूचं, म्हणजे कौलारू होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं ठरवलं की बैठकीची खोली नवी बांधायची आणि वर स्लॅब टाकायचा. भावाला वर टिनाचा पत्रा नको होता. टिनाखाली माणूस भाजून निघतो, आणि बहीण सिमेंटची डॉक्टर असताना टिन घातलं तर गाव काय म्हणेल, असं त्याचं म्हणणं. त्यानं मला फोन केला.

"बाई, तू ये ना एक दिवस. स्लॅब टाकाच्या दिवशी तू पाह्यजे."

मी म्हटलं, येते. मग परीक्षा आल्या. मग एका परिषदेचं निमंत्रण आलं, दुसऱ्या राज्यातल्या शहरात. मी त्याला म्हटलं, मी येऊन काय वेगळं करणार, मी साचे पाठवते, तू ठोकळे पाड, मी इथे तपासते. सहा लोखंडी साचे पोत्यात बांधून मी एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली केले. ठोकळे कसे पाडायचे ते फोनवर चांगलं अर्धा तास समजावून सांगितलं. माल तीन थरांत भरायचा, सळईनं ठोसायचा, वरून थापीनं सपाट करायचा. भावानं सगळं वहीत लिहून घेतलं. शाळेत त्यानं इतकं लिहिलं असतं तर माझ्याऐवजी तोच प्रोफेसर झाला असता, असं मी त्याला चिडवलंही.

वैशाखात स्लॅब टाकला. पाचव्या दिवशी फोन आला. मी बॅग भरत होते.

"बाई, विहिरीचं पाणी खाली चाललं गेलं. बगिच्यात संत्र्यावर आंबिया बहाराचं फळ हाय, त्याले पाणी नाही देल्लं त गळते. कसं करू?"

माझं एक लक्ष घड्याळाकडे होतं. मी जे बोलले ते शब्दन् शब्द आठवतं.

"बाकी काही कर भाऊ, पण ठोकळे पाण्याबाहेर काढू नको. अठ्ठावीस दिवस. अन् पाणी साफ पाह्यजे."

स्लॅबबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. का बोलले नाही? माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की सांगायची गरज वाटली नाही. प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या माणसाला आधी नमुना आठवतो, मग घर. वीस वर्षं मी विद्यार्थ्यांना ओरडून सांगत होते, नमुना सांभाळा, नमुना बिघडला तर सगळं वाया. तेच वाक्य तोंडातून बाहेर पडलं. दोन दिवसांनी मी परिषदेत उभी राहून सांगत होते की ठोकळा म्हणजे स्लॅब नव्हे.

अठ्ठावीस दिवस भरले आणि भाऊ स्वतः आला. एसटीतून तीन ठोकळे घेऊन, ओल्या पोत्यात गुंडाळून, पायाशी ठेवून. काटोलला गाडी थांबली तेव्हा पोतं सुकल्यासारखं वाटलं म्हणून त्यानं आपली प्यायची बाटली त्यावर उपडी केली. पुढचा सगळा रस्ता तो तहानलेला आला. प्रयोगशाळेत आल्या आल्या त्यानं आधी विचारलं, "यायले पाण्यात ठेवू काय जरासं?"

आमच्या प्रयोगशाळेचे सहायक जुने होते. माझ्या आधीपासून तिथे ठोकळे फोडत होते. त्यांनी पोतं सोडलं, एक ठोकळा उचलून चारी बाजूंनी पाहिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, हे लाडाचे लेकरं दिसून राहिले. नरखेडकडे उन्हाळ्यात एवढं पाणी? स्लॅब एकदा पाहून या तुम्ही."

"तुम्ही यंत्र चालू करा," मी म्हटलं. मला राग आला होता. माझ्या भावानं इतक्या निगुतीनं ठोकळे आणले आणि हे त्यात खोट काढत होते. त्यांनी यंत्र चालू केलं.

भाऊ बाजूला हात जोडून उभा होता, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नातेवाईक उभे राहतात तसा. पहिला ठोकळा फुटला तेव्हा तो दचकला. आकडा पाहून मीही चकित झाले. तिन्ही ठोकळे मोठमोठ्या ठेकेदारांच्या ठोकळ्यांहून सरस निघाले.

"पास?" भावानं विचारलं.

"पास म्हणजे काय, पहिल्या नंबरानं."

त्याला कागद पाहिजे होता. मी रीतसर अहवाल केला, सही केली, शिक्का मारला. आमच्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ छापलेली असायची: हा निकाल केवळ तपासलेल्या नमुन्यांपुरता आहे. भावानं ती वाचली नाही. मी वाचून दाखवली नाही. निघताना त्यानं विचारलं, "घरी तीन राह्यले, त्यायचं काय करू?"

"राहू दे पाण्यातच. लागले त सांगीन मी."

तो गेला आणि मी ते तीन ठोकळे विसरले.

नंतर वर्षं कशी गेली ते काय सांगायचं. भाऊबीजेला तोच माझ्याकडे यायचा, संत्र्यांची पेटी घेऊन. मी गावी गेले तर लग्नाकार्याला, दोन-चार तासांसाठी. एकदा बैठकीत बसले असताना वर छताला तपकिरी डाग दिसला. गंजाचा डाग मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? शेजारी भिंतीवर माझी सही होती. भाऊ कौतुकानं पाहुण्यांना काहीतरी सांगत होता. मी मान खाली घालून चहा प्यायले आणि स्वतःला समजावलं की पावसाचं पाणी असेल, एकट्या डागानं काही ठरत नाही. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

या वर्षी पाऊस संपत आला असताना वहिनीचा फोन आला. वहिनी सहसा फोन करत नाही.

"बाई, तुमी या एकदा. स्लॅबचा हा एवढा पोपडा पडला, यायच्या खाटेवर. दुपारचे झोपले असते त्या जागी. हात धुवाले उठले म्हणून वाचले. अन् आता पुन्हा तिथंच खाट टाकून झोपून राहिले. म्हणते, बाईचा कागद हाय, तो काय खोटा हाय?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. पिशवीत एक हातोडी, एक चिमटा आणि औषधाची छोटी बाटली. औषधाचं नाव लांबलचक आहे. काँक्रीट आतून धड असेल तर ते शिंपडल्यावर त्यावर गडद गुलाबी रंग चढतो. हवा आत शिरून काँक्रीटचा जोर गेला असेल, तर पाणी शिंपडल्यासारखं नुसतं ओलं दिसतं. त्या जोराच्या आधारानं सळई गंजत नाही. तो गेला की गंज सुरू होतो, सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते.

भावाला आता ऐकायला कमी येतं. मी खाटेवर उभी राहून छतावर हातोडीनं ठोकत होते आणि तो खालून हसत होता. "म्हतारपणी काय चढून राहिली वं? पडशीन!" खणखणीत आवाज यायला हवा होता तिथे सगळीकडून भद भद आवाज येत होता. निम्म्याहून जास्त छत सळईपासून सुटलेलं होतं. पुढचा तुकडा कधी पडेल ते कुणीच सांगू शकलं नसतं.

मी खाली उतरले. "भाऊ, हा स्लॅब पाडावा लागते. अन् आजपासून ह्या खोलीत कोणी झोपाचं नाही."

"काहून? तूच त पास केला."

"तो कागद स्लॅबचा नाही, गा. ठोकळ्यायचा हाय."

"मंग ठोकळे कायचे होते? ह्याच मालाचे ना? म्या माया हातानं भरले."

मी उठून ती फ्रेम भिंतीवरून काढली. तळाची ओळ फ्रेमीच्या लाकडी पट्टीखाली गेली होती, दिसतच नव्हती. मी मागचे खिळे उचकटून कागद बाहेर काढला आणि ती ओळ त्याला मराठीत वाचून दाखवली. पंधरा वर्षांपूर्वी हे करायला दोन मिनिटं लागली असती. भावानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बारीक लिवलं हाय."

त्याला पटलं नव्हतं, हे दिसत होतं. माझ्यावर संशय घ्यायची त्याला सवयच नव्हती, त्यामुळे तो स्लॅबच्या बाजूनं भांडत होता. मी विचारलं, "ठोकळे भरले, त्या वक्ती स्लॅबवर पाणी किती दिवस मारलं होतं?"

"चार दिवस. मंग तुले फोन केला ना म्या. तू म्हटलं बाकी काही कर. म्हणून पाणी बगिच्याकडे वळवलं. पण ठोकळ्यायचं एक दिवस चुकवलं नाही. बैलायच्या टाक्यात ठेवले होते. बैलायले बाल्टीनं पाजत होतो."

वहिनी दारातून म्हणाली, "अन् ते अजून हायेत की."

"काय?"

"ठोकळे. तीन राह्यले होते ना."

मला आधी काही कळलंच नाही. भाऊ मला मागच्या अंगणात घेऊन गेला. बैल कधीच विकले होते, ते टाकं फोडून टाकलं होतं. न्हाणीजवळ सिमेंटचा एक छोटा हौद होता. पाण्याच्या तळाशी शेवाळानं हिरवे झालेले तीन ठोकळे बसले होते. बाजूलाच नारळाच्या काथ्याचा गुंडा, हौद घासायचा.

"तू म्हटलं होतं, लागले त सांगीन," भाऊ म्हणाला. "पंधरा दिवसाले पाणी बदलतो. एका उन्हाळ्यात टँकर येत होता गावात, तवाही बदललं. तुई वहिनी बडबड करे. म्या म्हटलं, बाईले लागले अन् सुकले असले त?"

पंधरा वर्षं पाण्यात ठेवलेला ठोकळा मी सगळ्या आयुष्यात कुठल्या प्रयोगशाळेत पाहिला नव्हता. संशोधन करणाऱ्याला असं काही सापडलं तर त्यानं नाचायला हवं. मला हौदाच्या कडेवर बसावं लागलं. रडू आलं, आणि भाऊ घाबरला. त्याला वाटलं ठोकळे बिघडले.

मग मी एक ठोकळा बाहेर काढायला सांगितला. त्यानं घणानं फोडला, तीन घाव लागले. बैठकीतून पडलेला पोपडा आणि ठोकळ्याचा तुकडा मी अंगणात फरशीवर शेजारी ठेवले आणि बाटलीतलं औषध दोन्हींवर शिंपडलं. पोपडा नुसता ओला झाला. ठोकळा कडेपासून कडेपर्यंत गुलाबी झाला, लग्नातल्या शालूसारखा.

"एकाच मालाचे हायेत दोन्ही," मी म्हटलं.

भाऊ उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. बागाईतदार माणूस, त्याला याहून जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे याले पाणी भेटलं," तो ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाला, "अन् त्याले नाही भेटलं."

"हो."

"चूक झाली मायी."

तेव्हा मला स्वतःचा असा राग आला की मी त्याच्यावरच ओरडले. "तुयी कशी? मायी चूक हाय! म्या स्लॅबचं नावच नाही घेतलं फोनवर!"

"अव, पण अक्कल मले पाह्यजे होती ना. तू तिकडं एवढ्या कामात. स्लॅबले पाणी दे म्हणून एक शब्द तू म्हटला असता, त फळ गळू देल्लं असतं म्या. बगीचा काय, पुढच्या साली येते फळ."

हे तो मला धीर द्यायला बोलला. कुणी मला जाणूनबुजून टोचायचं ठरवलं असतं तरी याहून खोल टोचता आलं नसतं. कारण ते खरं होतं. माझ्या एका शब्दावर त्यानं अख्ख्या वर्षाचा बहार सोडून दिला असता. मी तो शब्द शहराशहरांतून माइकवर सांगत हिंडले, आणि ज्याला तो लागणार होता त्याला सांगितला नाही.

भावाची खाट त्या दिवशी पडवीत आली. दिवाळीनंतर स्लॅब पाडला. मी तेव्हा जाऊन आले, दोन दिवस राहिले. मजूर घण घालत होते आणि काँक्रीट बिस्किटासारखं सुटत होतं. पूर्वीच्या सहायकांची आठवण झाली. ते आता नाहीत. नाहीतर मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं असतं की तुमचं बरोबर होतं.

मी भावाला म्हटलं, नवा स्लॅब टाकू तेव्हा मी महिनाभर इथेच राहते. आता मला कुठे परिषद नाही, परीक्षा नाहीत. मी स्वतः पाइप धरून वर पाणी मारीन. तो "हो हो" म्हणाला, आणि मी मनीषनगरला परत येऊन त्याच्या फोनची वाट पाहत बसले. हवामान थंड आहे तोवर उरकू, असं मनाशी धरून होते. स्लॅबवर ओली करून अंथरायला नवीन पोती आणायची, त्याचीसुद्धा मी यादी केली.

गेल्या आठवड्यात फोन आला.

"झालं बाई खोलीचं. टिन टाकलं."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली, म्हणून मी दोनदा विचारलं. टिनच. आदल्या दिवशीच मिस्त्री आला आणि दिवसभरात ठोकून गेला.

"काहून गा भाऊ? उन्हाळ्यात भाजशीन त्याच्याखाली. म्या येणार होती ना."

"नाही वं, तुले या वयात कायले तरास. टिनाले पाणी माराची काही कटकट नाही." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तो खरोखरच माझी सोय पाहत होता. "अन् बाबाचा फोटो लावला पुन्हा. तुया कागदाची जागा रिकामी होती, तिथं घड्याळ लावलं."

उन्हाळ्यात नरखेडकडे टिनाखाली काय होतं ते मला माहीत आहे. सत्तरीच्या माणसाला तिथे दुपारी झोप लागणार नाही.

"बाई," तो म्हणाला, "हाये ना फोनवर?"

"हाव."

"ते दोन ठोकळे अजून पाण्यातच हायेत. तू गेल्या खेपेले काही बोलली नाही, म्हणून म्या तसेच ठेवले. काढू काय आता?"

"काढ, भाऊ," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. मग वही उघडल्याचा आवाज आला. "सावलीत सुकवू का उन्हात? तेवढं सांगून दे. मी लिवून घेतो."